कोऱ्या पानावरची तारीख: तारणाची खात्री नेमकी कशावर?

अंजिराखाली

गेली सहा वर्षे मी आमच्या मंडळीत तरुणांचा पवित्र शास्त्राचा (बायबलचा) अभ्यासवर्ग घेतो. मागच्या आठवड्यात मत्तयाचा सातवा अध्याय वाचून झाल्यावर तिशीतला एक जण मागे थांबला. ‘प्रभुजी, प्रभुजी’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईलच असे नाही, हा भाग त्या दिवशी वाचला होता. या तरुणाचा आपल्या सख्ख्या भावाशी चार वर्षांपासून अबोला आहे आणि ही गोष्ट मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. त्याने आपले शास्त्र उघडून पहिले कोरे पान माझ्यापुढे धरले. निळ्या शाईत एक तारीख, तिच्याखाली ‘आज मी येशूला माझ्या हृदयात घेतले’ हे वाक्य आणि लहान मुलाच्या अक्षरातील त्याची सही. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. “हे आहे ना, त्यामुळे आजचा भाग माझ्यासाठी नाही,” असे तो म्हणाला. बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. पैसे भरल्याची पावती दाखवावी इतक्या निर्धास्तपणे त्याने ते पान दाखवले. माझे लक्ष मात्र दुसरीकडेच गेले. त्या एका पानाचा कोपरा हाताळून मऊ पडला होता, आणि आतल्या पानांच्या सोनेरी कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

मी त्याला काहीच बोललो नाही आणि तेव्हापासून मला चैन नाही. खरा विश्वास आणि तारणाची, म्हणजे पापापासून सुटका झाल्याची, खोटी खात्री यांतला फरक बाहेरच्या माणसाला ओळखता येतो का, आणि ओळखता आला तरी दुसऱ्याची खात्री हलवण्याचा अधिकार मला आहे का? त्याचा विश्वास खरा पण अशक्त असेल, तर माझ्या एका वाक्याने तो मोडेल. आणि खात्री खोटी असेल, तर माझ्या गप्प बसण्याने तो तसाच झोपून राहील. या चर्चामंचावर अनेक अनुभवी मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

शब्दार्थी

आपल्या भाषेत विश्वास ‘बसतो’ आणि विश्वास ‘ठेवला’ही जातो. बसणारा विश्वास म्हणजे पुरावा पाहून मनाने काढलेला निष्कर्ष. ठेवलेला विश्वास म्हणजे आपला भार दुसऱ्यावर टाकणे. धर्मसुधारणेच्या परंपरेतील शिक्षकांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले आहेत: ज्ञान, मान्यता आणि भरवसा. याकोबाने ज्या भुतांविषयी लिहिले आहे, की तीही देव एकच आहे असे मानतात आणि थरथर कापतात, त्यांच्याजवळ पहिले दोन पदर पुरेपूर आहेत.

तुमच्या तरुणाजवळ भरवसाही आहे. तो कोणावर टाकलेला आहे, एवढेच पाहावे लागेल. योहान ३:१६ मध्ये मूळ ग्रीक रूप ‘विश्वास ठेवणारा’ असे चालू क्रियेचे आहे. त्याचे वाक्य मात्र पूर्ण भूतकाळात आहे. ‘मी विसंबलो होतो’ आणि ‘मी विसंबून आहे’ यांत जे अंतर आहे, तेच मला त्या पानात आणि आतल्या पानांत दिसते.

पैलतीर

तारखेला इतके कमी लेखू नये, ही विनंती. माझ्याही शास्त्रात तारीख आहे आणि ती पाहिली की माझे डोळे आजही भरून येतात. यहोशवाने यार्देन ओलांडल्यावर बारा धोंडे उभे करायला लावले, ते पुढच्या पिढ्यांना आठवण राहावी म्हणूनच. अर्थात इस्राएल लोक त्या धोंड्यांपाशी घर करून राहिले नाहीत, ते पुढे देशात गेले, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

थोमा

अंजिराखाली, आपण गप्प बसलात ही चूक झाली, असे मला स्पष्टपणे वाटते. ‘मी देवावर प्रीती करतो’ असे म्हणून जो आपल्या भावाचा द्वेष करतो तो लबाड आहे, हे शब्द माझे नाहीत, ते योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहेत. आजारी माणसाला निरोगी असल्याचा दाखला देणारा वैद्य प्रेमळ ठरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील शिमोन जादूगाराने विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, फिलिप्पाच्या बरोबर राहिला; तरीही पेत्राने त्याला तोंडावर सांगितले की तुझे अंतःकरण देवासमोर सरळ नाही. पेत्राने त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख विचारली नाही.

वाटसरू

थोमा, चार वर्षांचा अबोला म्हणजे द्वेषच, असे आपण कशावरून धरून चाललात? दोष कोणाचा आहे हे मूळ लेखात कोठेही नाही.

अंजिराखाली

वाटसरू, आपला प्रश्न योग्य आहे. दोष दोन्हीकडे आहे, असे त्या घराला जवळून ओळखणारे सांगतात. भावाने दोनदा निरोप पाठवला होता आणि याने उत्तर दिले नाही, इतके मला नक्की माहीत आहे. ‘तुमच्याकडून होईल तितके’ सर्वांबरोबर शांतीने राहा, असे पौल रोमकरांस लिहितो. ते ‘तुमच्याकडून’ येथे झालेले नाही.

मोहरीचा दाणा

मी सहसा वाचून पुढे जाते, पण आज लिहिणे भाग आहे. अशा चर्चांमध्ये ज्यांना जागे करायचे असते ते निवांतपणे पुढे निघून जातात, आणि जे आधीच जागे आहेत त्यांची उरलीसुरली झोप उडते. मी त्या दुसऱ्या प्रकारची आहे.

चौदाव्या वर्षी मी मत्तयाच्या याच अध्यायावर एक प्रवचन ऐकले. ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ हे वाक्य उपदेशकांनी तीनदा उच्चारले. त्या रात्री मी पश्चात्तापाची प्रार्थना केली. दुसऱ्या रात्री शंका आली की ती मनापासून केली होती का, म्हणून पुन्हा केली. त्यानंतर अकरा वर्षे एकही रात्र चुकली नाही. धाकटी बहीण शेजारी झोपलेली असे, दिवा मालवलेला असे, आणि मी पांघरुणाखाली ओठ हलवत असे. ‘मी पापी आहे’ येथपासून ‘माझ्या हृदयात ये’ येथपर्यंत मन कोठेही भरकटता कामा नये, असा माझा मीच घातलेला नियम होता. मध्येच उद्याच्या परीक्षेचा विचार डोकावला की पुन्हा पहिल्यापासून. एका रात्रीत चार-चार वेळा. त्या तरुणाच्या पानावर एक तारीख आहे. मी लिहून ठेवल्या असत्या तर माझ्या पानावर चार हजार तारखा झाल्या असत्या.

आता मला असे वाटते की आम्ही दोघे एकच चूक करत होतो. तो आपल्या एका प्रार्थनेवर विसंबून निर्धास्त आहे. मी माझ्या प्रार्थनांवर विसंबून भयभीत होते. दोघांचेही डोळे प्रार्थनेवर, ती ऐकणाऱ्यावर कोणाचेच नाहीत. म्हणून थोमा यांना कळकळीने सांगते, हलवायचेच असेल तर हलवा, पण माणसाला त्याच्या स्वतःच्या आत आणखी खोल ढकलू नका. तेथे तळ लागत नाही.

निवृत्त पाळक

मोहरीताई, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले. पाळकपणाची अडतीस वर्षे मागे टाकून आलेल्या माणसाला त्यातून काही शिकायला मिळाले, हे आधी नोंदवतो.

दोषाची कबुली प्रथम माझी. तरुणपणी मी सभांमध्ये लोकांना हात वर करायला सांगत असे, पुढे आलेल्यांच्या कागदावर सही घेत असे, आणि सही होताच ‘आता तुमचे तारण झाले आहे, यापुढे शंका घेऊ नका’ असे सांगत असे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आपण देवाची मुले आहोत याची साक्ष पवित्र आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर देतो, असे लिहिले आहे. ती साक्ष देण्याचे काम मी आत्म्याकडून काढून घेऊन कागदाला दिले. असे किती कागद कोणाकोणाच्या शास्त्रात आजही जपून ठेवलेले असतील, हा विचार मला या वयात छळतो.

आता मत्तय सातविषयी. तो भाग पंचविसाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचावा. सातव्या अध्यायात ज्यांना घालवून दिले जाते त्यांच्याजवळ यादी तयार आहे: तुझ्या नावाने संदेश दिला, भुते काढली, अद्भुत कृत्ये केली. पंचविसाव्या अध्यायात ज्यांना आत बोलावले जाते ते गोंधळून विचारतात, प्रभो, आम्ही तुला कधी भुकेला पाहिला आणि खायला दिले? त्यांच्याजवळ यादी नाही. त्यांनी केले आहे आणि हिशेब ठेवलेला नाही. खोटी खात्री हिशेब जवळ बाळगते, मग तो हिशेब चमत्कारांचा असो की एका निळ्या तारखेचा.

दुसरे असे, की खात्री नसलेला खरा विश्वासही मी पाहिला आहे. इंग्लिश कवी विल्यम कूपर यांची स्तोत्रे जगभर गायली जातात. १७७३ पासून पुढे, १८०० साली मरण येईपर्यंत, देवाने आपल्याला टाकून दिले आहे असे हा मनुष्य मनाच्या आजारात धरून बसला. त्यांचे मित्र जॉन न्यूटन यांनी मात्र त्यांचे तारण झालेले आहे याविषयी कधी शंका घेतली नाही. ज्याला स्वतःची खात्री नव्हती, त्याच्या स्तोत्रांनी इतरांना खात्री मिळाली. तेव्हा मनाची स्वस्थता हे माप धरून कोणाचाही विश्वास मोजता येत नाही.

जपमाळ

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझा सूर थोडा वेगळा लागेल. आपल्याला कृपा मिळालेली आहे हे कोणालाही चूक होणे अशक्य अशा निश्चितीने कळू शकत नाही, असे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ साली सांगितले. अनेक प्रॉटेस्टंट मित्रांना हे वाक्य निराशेचे वाटते. मला ते मोकळे करणारे वाटते, कारण माझे तारण ही माझ्या खात्रीची कामगिरी राहत नाही. मी आशेने चालते, पाप घडले की पापनिवेदनाला जाते, आणि पुन्हा चालू लागते.

१४३१ सालच्या खटल्यात जोन ऑफ आर्कला विचारले होते की तू देवाच्या कृपेत आहेस हे तुला ठाऊक आहे का. प्रश्न म्हणजे सापळा होता: हो म्हणावे तर अहंकार, नाही म्हणावे तर अपराधाची कबुली. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने उत्तर दिले, “मी नसेन तर देव मला तेथे ठेवो, असेन तर तेथेच राखो.” मोहरीचा दाणा यांनी हे वाक्य जवळ ठेवावे, असे मनापासून वाटते.

पैलतीर

जपमाळ, उत्तर सुंदर आहे, परंतु येथे मतभेद नोंदवल्याशिवाय राहवत नाही. ‘तुम्हांला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हांला समजावे म्हणून मी लिहिले’ असे योहान पहिल्या पत्राच्या शेवटी म्हणतो. समजावे, असे तो म्हणतो. लेकराला आपण या घरचे आहोत की नाही हे कायम अंदाजानेच धरावे लागत असेल, तर त्यात बापाचा गौरव कोणता?

हेही सांगितले पाहिजे की आमच्या परंपरेतही या बाबतीत एकच सूर नाही. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत खऱ्या विश्वासाच्या व्याख्येतच मनापासूनचा भरवसा धरला आहे, की केवळ इतरांना नव्हे तर मलाही पापांची क्षमा मिळालेली आहे. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीने मात्र अठराव्या प्रकरणात खात्री आणि विश्वास वेगळे केले: खऱ्या विश्वासणाऱ्याला ही खात्री मिळण्यापूर्वी दीर्घकाळ थांबावे आणि झगडावे लागू शकते. ढोंगी माणसे खोट्या आशेने स्वतःला फसवू शकतात, हेही त्याच प्रकरणाच्या आरंभी आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिणाऱ्यांना मोहरीताई आणि तो तरुण असे दोघेही ओळखीचे असावेत.

अमेरिकेतील पाळक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी आपल्याच मंडळीतले संजीवन (धार्मिक जागृतीची लाट) आणि त्यानंतरची ओहोटी जवळून पाहून १७४६ साली जे लिहिले, त्याचा येथे उपयोग आहे. उत्कट भावना, अश्रू, शास्त्रवचने ओठांवर येणे, स्वतःच्या तारणाविषयी ठाम आत्मविश्वास, यांपैकी काहीही खरेपणाचा निश्चित पुरावा नाही आणि खोटेपणाचाही नाही, असे त्यांनी बारा मुद्द्यांत मांडले. मग खऱ्या कृपेची बारा चिन्हे सांगितली, आणि त्यांतले शेवटचे, ज्यावर त्यांनी सर्वांत जास्त पाने खर्च केली, ते म्हणजे आचरण. अबोला म्हणूनच किरकोळ ठरत नाही.

थोमा

पैलतीर यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

ओवी

पंडिता रमाबाईंचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून करते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आले, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

ही आठ वर्षे आळसाची नव्हती. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला होता आणि ख्रिस्ती शिकवण अभ्यासून स्वीकारली होती. त्यामुळे खोटी खात्री म्हणजे ढोंग किंवा सुस्ती, असे समीकरण या चर्चेत होऊ नये. अतिशय प्रामाणिक माणूससुद्धा दारापर्यंत येऊन दारालाच घर समजू शकतो. आणि रमाबाईंना कोणी दरडावून हलवले नाही; शास्त्र वाचता वाचता त्यांना स्वतःलाच उणीव दिसली. अंजिराखाली यांनी त्या चिकटलेल्या पानांचे काही करावे.

वाटसरू

तारण एकदा मिळाले की ते गमावता येते का, यावरही कोणीतरी लिहावे. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय मला नेहमी अडवतो.

निवृत्त पाळक

वाटसरू, तो प्रश्न मोठा आहे आणि त्यासाठी वेगळे बसू. येथे इतकेच म्हणतो की ‘गमावले’ म्हणा की ‘मुळात नव्हतेच’ म्हणा, त्या तरुणाशी उद्या काय बोलावे हे दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखेच सांगावे लागेल: आज, आत्ता, ख्रिस्ताकडे ये.

अंजिराखाली

सर्वांचे आभार. काल त्याला भेटलो आणि जे घडले ते येथे लिहिणे माझे कर्तव्य आहे, कारण मी त्याचे चित्र चुकीचे रंगवले होते. त्याची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

मी तारखेचा विषय काढला नाही. मोहरीताईंचे लिहिणे मनात असल्याने ‘तुझा विश्वास खरा आहे का’ असेही विचारले नाही. सहज विचारले की अलीकडे प्रार्थना कशी चालली आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की उपासनेत सर्व जण प्रभूची प्रार्थना म्हणतात तेव्हा तो ‘आमची रोजची भाकर’ येथपर्यंत म्हणतो आणि थांबतो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे शब्द आले की त्याचे तोंड मिटते. सगळे पुढे गेले की ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’पासून तो पुन्हा सामील होतो. चार वर्षे, दर रविवारी. “ते म्हटले तर खोटे बोलल्यासारखे होते, म्हणून म्हणत नाही,” असे तो म्हणाला. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसतो आणि मला हे कधी ऐकू आले नव्हते.

मी ज्याला निर्धास्त समजलो तो निर्धास्त नव्हता. ते पान तो इतक्या वेळा का उघडत असेल, हे मला आता कळते.

थोमा

हे वाचून मी माझ्या पहिल्या प्रतिसादाचा सूर मागे घेतो. त्यातले वचन मागे घेत नाही. टोचणी म्हणजे पश्चात्ताप नव्हे. फेलिक्स सुभेदार पौलाचे बोलणे ऐकून भयभीत झाला आणि ‘सवड झाली म्हणजे बोलावीन’ म्हणाला. चार वर्षे मिटलेले तोंड प्रामाणिक असेल, पण ते उघडले पाहिजे.

निवृत्त पाळक

थोमा, ते उघडलेच पाहिजे. तरीही मला त्या मिटलेल्या तोंडात जीव दिसतो. ज्याची सद्सद्विवेकबुद्धी डागली गेली आहे तो ते वाक्य इतरांबरोबर सुरात म्हणून मोकळा होतो. मी कित्येकांना तसे म्हणताना पाहिले आहे आणि काही वर्षे मी स्वतः तसे म्हटले आहे. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडणाऱ्या त्या बापाला प्रभूने परत पाठवले नाही. त्या तरुणालाही विश्वास आधी शुद्ध करून आण, असे कोणी सांगू नये.

मोहरीचा दाणा

अंजिराखाली, त्याला माझा एक निरोप द्याल का? योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. हे वचन मला सव्विसाव्या वर्षी दिसले. त्याच्या आधी, त्याच अध्यायात, बंधूवर प्रीती करण्याचे आहे. माझ्या वाट्याला पहिला भाग अवघड होता, त्याच्या वाट्याला दुसरा आला आहे. दोन्ही एकाच पानावर आहेत.

अंजिराखाली

निरोप देईन. त्याच पत्रापासून आम्ही दोघे वाचायला सुरुवात करतो आहोत, त्याच्याच शास्त्रातून. काल पहिला अध्याय काढताना पाने नखाने सोडवावी लागली. भावाला पत्र लिहायचे त्याच्या मनात आहे, पण पहिली ओळ सुचत नाही असे तो म्हणतो. मी सुचवली नाही. येत्या रविवारी मागच्या बाकावर न बसता मी त्याच्या शेजारी बसणार आहे.